पहिली हाक

दिवेलागणीच्या सुमाराला अक्का ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि बेंबीच्या देठापासून हाक मारायच्या, "मोगीऽऽ!" मोगी कुठे लांब गेलेली असायची असं मुळीच नाही. ती त्यांच्या पायाशी, पायरीवर बसून पाढे घोकत असायची. पण ती ओ देत नसे. अक्का गल्लीच्या तोंडाकडे बघत थोडा वेळ तशाच उभ्या राहायच्या. मग खाली बघून साध्या आवाजात म्हणायच्या, "मोगी." आता मात्र मोगी "ओ" म्हणायची, दप्तर उचलायची आणि दोघी घरात जायच्या.

पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, बाईंना दिसत नाही. दुसऱ्या संध्याकाळी वाटलं, पोरीला ऐकू येत नाही. गल्लीत कुणी मान वर करून बघत नव्हतं, त्यावरून हे रोजचंच असावं एवढं कळलं. शेवटी न राहवून मी विचारलं. अक्कांनी माझ्याकडे बघितलं ते मी मास्तरीण कशी झाले याचं नवल वाटल्यासारखं. म्हणाल्या, "पहिली हाक तिनी नई. दुसरी तिनी." आणि चूल पेटवायला आत गेल्या.

मी धुळ्याला प्राथमिक शाळेत नोकरीला लागले होते. घर जळगावला, त्यामुळे खोली शोधणं आलं. शाळेतल्या शिपायाने अक्कांचं घर सांगितलं आणि सांगतानाच कानशिलाजवळ बोट फिरवून दाखवलं. अक्कांनी मला माझी जात विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही, भाड्याचं तर विसरूनच गेल्या. मोठ्याने वाचता येतं का, एवढंच विचारलं. मी जरा फुशारकीने म्हटलं, मास्तरीण आहे, येतं. त्यांचा विश्वास बसला नाही. हळदीच्या पुडीला गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद त्यांनी झटकून माझ्या हातात दिला. त्यावर कसली तरी विहीर खोदण्याच्या कामाची जाहीर सूचना होती. ती मी अटी-शर्तींसकट वाचली. अक्कांनी डोळे मिटून ऐकली, खोकला वगैरे नाही ना म्हणून विचारलं आणि किल्ली दिली.

तर असं ते घर. दोन खोल्या त्यांच्या, एक माझी, वर पत्रे, मागे कडुनिंब. अक्कांना अक्षरओळख नव्हती आणि ती करून घ्यायची इच्छाही नव्हती. मोगी त्यांना शिकवायला बसली की त्या पाटीवर रेघोट्या मारून तिला वैताग आणायच्या. ऐकायला मात्र त्यांना फार आवडायचं. त्यांच्याकडे आधी राहून गेलेल्या भाडेकरूंनी त्यांना काय काय वाचून दाखवलं होतं देव जाणे. त्यात पोथ्या होत्या, कादंबऱ्या होत्या, आणि एका कंपाउंडरने तर म्हणे औषधांच्या बाटल्यांबरोबर येणारे कागदसुद्धा वाचले होते.

ऐकण्याची त्यांची रीत ठरलेली होती. हातात काम हवं. उन्हाळ्यात बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं. ज्वारीचा घाटा शिजला की अक्का लाकडी चाटूने एवढासा तळहातावर घ्यायच्या, चाखायच्या, आणि मीठ कमी-जास्त असेल ते सांगायच्या. पुस्तकाचंही तसंच. चार-पाच पानं झाली की त्यांचा हात वर व्हायचा. मी थांबायचे. त्या आपलं मत द्यायच्या, आणि एकदा दिलेलं मत बदलायच्या नाहीत. एका कादंबरीतला नायक त्यांना तिसऱ्याच पानावर लबाड वाटला. पुढे त्याने गावासाठी जीव दिला तरी अक्कांनी त्याला माफ केलं नाही.

दुसरी रीत याहून विचित्र होती. पुस्तकाचा शेवट त्या ऐकायच्या नाहीत. शेवटचं प्रकरण आलं की म्हणायच्या, "बस. आते पुढलं त्यासनं त्या पाही लेतीन." म्हणजे पुस्तकातल्या माणसांचं पुढे काय ते त्यांचं ते बघतील. मी सुरुवातीला हट्टाने वाचत राहायचे, तर त्या परात आपटायला लागायच्या. एका सासुरवाशिणीची गोष्ट त्यांनी ती माहेरच्या वाटेला लागली तिथेच थांबवली. पुढे त्या मुलीचं बरं झालं नव्हतं. ते मला माहीत होतं आणि अक्कांनी माझ्या तोंडावरून ओळखलंही असेल. पण त्यांच्या लेखी ती मुलगी अजून वाटेतच होती, आणि त्या सुखात होत्या.

मोगीची हकिगत मला गल्लीतल्या बायकांनी सांगितली. ते काही गुपित नव्हतं. मोगी अक्कांच्या पोटची नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, मोगीलासुद्धा. मागच्या मोठ्या दुष्काळात सासरची गुरं घेऊन अक्का साक्रीकडच्या छावणीत जाऊन राहिल्या होत्या. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही, तेव्हा गुरांबरोबर माळावर राहायला घरातून त्यांनाच धाडलं गेलं. अक्कांना छावणी आवडली. चारा सरकारचा, पाण्याचा टँकर सरकारचा, माणसांना दुपारी सुकडी मिळायची, आणि डोक्यावर सासू नव्हती. शेजारीच खडी फोडायचं दुष्काळी काम निघालं होतं. त्यावर डोंगराकडची माणसं आली होती. त्यांच्यातली एक बाई आपली तीन वर्षांची पोर अक्कांच्या झोपडीत ठेवून खडी फोडायला जायची. काम संपलं तेव्हा मुकादमाचा ट्रक माणसं भरून सुरतेकडे निघाला. लहान पोरं घ्यायला मुकादम तयार होईना. त्या बाईने पोर अक्कांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "पानी पडना का येसू."

पाणी पडलं, छावणी उठली, पण ती आली नाही. अक्कांनी गुरं दुसऱ्याबरोबर पाठवून दिली आणि पोरीला घेऊन त्या रिकाम्या माळावर एकट्याच थांबल्या. शेवटी दीर न्यायला आला. निघताना त्यांनी चहाच्या टपरीपासून तलाठ्यापर्यंत भेटेल त्याला धुळ्याच्या घराचा पत्ता सांगितला. बाईचं नाव मात्र त्यांना सांगता आलं नाही, कारण त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं. त्या तिला "मोगीनी माय" म्हणायच्या आणि ती यांना अक्का म्हणायची. तेवढ्यावर दोघींचं भागत होतं.

म्हणजे पहिली हाक मोगीच्या आईसाठी होती. समजा ती शोधत शोधत धुळ्याला आली, या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, तर तिला घर कसं कळावं? नावावरूनच कळणार. म्हणून ते नाव रोज एकदा मोठ्याने गल्लीभर जायला हवं. मोगीला शाळेत घालताना गुरुजींनी चांगल्या मनाने सुचवलं होतं, मंगला लिहू या, पुढे बरं पडेल. अक्का तिथेच भांडायला उठल्या. गुरुजींनी शेवटी मोगीच लिहिलं आणि पोरीला आत घेतलं. साक्रीच्या बाजाराच्या दिवशी अक्का अधूनमधून एस. टी. ने तिकडे जायच्या, मोगीला बाजारातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवायच्या आणि मागून तिच्या नावाने हाका मारायच्या. लहानपणी मोगीला हा खेळ वाटायचा. मी राहायला गेले तेव्हा ती सातवीत जायच्या बेतात होती आणि बाजाराचं नाव काढलं की तिचं पोट दुखायला लागायचं.

एक गोष्ट मला राहून राहून जाणवायची. डोंगराकडची एखादी बाई चारोळी, डिंक असलं काही विकायला गल्लीत आली की अक्का पांढऱ्या पडायच्या. मोगी जवळ असेल तर तिचं मनगट घट्ट धरायच्या. बाई पुढे निघून गेली की मनगट सोडायच्या, आणि त्या दिवशी मोगीच्या ताटात शिऱ्याचा मोठा गोळा पडायचा. ज्या बाईने यावं म्हणून रोज जीव तोडून हाक मारायची, ती खरंच आली तर काय, या भीतीने त्यांना रात्रंदिवस पोखरलं होतं. पुस्तकांचे शेवट त्यांना का नको असायचे ते मला तेव्हा समजलं.

त्या वर्षी परीक्षा आटोपल्या होत्या, निकाल लागायचे होते, आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. शाळेतल्या पुस्तकांच्या पेटीतून मी मोगीसाठी एक पातळसं पुस्तक आणलं. लहान मुलांची कादंबरी, परदेशी भाषेतून मराठीत केलेली. मुखपृष्ठावर एक मुलगी आणि एक बकरी. मला वाटलं, शेतावरच्या गमतीजमती असतील, मोगीला आवडेल. बकरी बघून अक्काही खूश झाल्या. म्हणाल्या, आधी आपण ऐकू, मग पोरीने वाचावं.

सकाळची वेळ. मागच्या अंगणात जुनं धोतर अंथरलेलं, अक्का आणि मोगी बिबडे थापताहेत, मी कडुनिंबाच्या सावलीत भिंतीला टेकून वाचते आहे. गोष्टीतल्या मुलीचं नाव लेआ. आई तिला लांबच्या खेड्यात एका शेतकरीण बाईकडे आणते. बाई म्हणते, आजपासून तुझं नाव मारिया. लेआ हे नाव विसरायचं, झोपेतसुद्धा घ्यायचं नाही. आई तिच्या केसांवरून हात फिरवते आणि अंधारात निघून जाते.

अक्कांचा हात वर झाला. घाट्याने माखलेला तो हात हवेत तसाच राहिला. म्हणाल्या, "नाव बदली टाकं? मंग तिनी माय उनी त हाक कशी मारी?"

मी सांगायला लागले की नाव बदललं नाही तर सैनिक तिला धरून नेतील, कारण ती ज्यू आहे. ज्यू म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं. ते लोक, त्यांचा वेगळा देव, वेगळे सण, असं मी मला येत होतं तेवढं सांगितलं. मग त्या लोकांनी काय केलं होतं, असं अक्कांनी विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही. अक्कांना ते पटलं नाही. काहीच केलं नसेल तर लेकराला लपवायची पाळी का यावी? मी शाळेत शिकवते त्या थाटात युद्ध, जर्मनी, पोलंड असं बोलत राहिले. त्यांनी पोलंड सुरतेच्या पुढे आहे का तेवढं विचारून घेतलं. मी खूप पुढे आहे म्हणाले, तेव्हा मान हलवली. कुणी दूर गेलं की ते सुरतेच्याच दिशेला गेलं, असा त्यांचा हिशेब होता.

पण पुस्तकाबद्दलचं मत झालं ते झालं. ती शेतकरीण वाईट. नाव बदलणारी बाई चांगली असूच शकत नाही. पुढे दोन दिवस त्या शेतकरणीने लेआसाठी काहीही केलं, स्वतःच्या ताटातलं दिलं, सैनिकांसमोर धडधडीत खोटं बोलली, तरी अक्का नाक मुरडायच्या. आणि गंमत म्हणजे लेआ हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना. त्या तिला लीला म्हणायला लागल्या. आज लीलाचं काय झालं, लीला दूध प्याली का, असं चालायचं. मोगीने एकदा बिबडा उलटवता उलटवता म्हटलं, "अक्का, तू बी त लेआनं लीला करी टाकं." मोगीला त्या दिवशी जास्तीचा घाटा मिळाला नाही.

मग ते प्रकरण आलं. लेआच्या गावची माणसं सैनिकांनी चौकात गोळा केली, आगगाडीच्या गुरांच्या डब्यांत भरली आणि छावणीत नेली. लेआची आईही त्यांत होती. बी. ए. च्या इतिहासात मी ती छावणी वाचली होती. मराठी करणाऱ्याने छावणी एवढाच साधा शब्द घातला होता.

मी वर पाहिलं तर अक्कांचा चेहरा उजळला होता. त्यांनी सुस्कारा टाकला, दुसरा गोळा घेतला आणि थापत थापत म्हणाल्या, "छावणीमा गयी ना? मंग चिंता नई. छावणीमा कोणी उपाशी नई ऱ्हात."

गुरांचे डबे, छावणी, सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. त्या मला समजावून सांगायला लागल्या, की तिथे बाईला सुकडी मिळेल, झोपडी मिळेल, चार बाया सोबतीला असतील, पाणी पडलं की परत येईल. इतका वेळ ज्या शेतकरणीवर राग होता, तिच्याबद्दलही जरा बरं बोलल्या. मी पुस्तक मिटलं आणि डोकं दुखतं म्हणाले.

दुपारी मोगी माझ्या खोलीत आली, पुस्तक मागून घेतलं आणि कोपऱ्यात बसून ते संपवलं. मी तिला दिलं नसतं तर बरं, असं मला वाटत होतं. पण तिने ते माझ्या हातून ओढूनच घेतलं म्हणा ना. वाचून झाल्यावर ती रडली नाही. बाहेर जाऊन तोंड धुतलं, आणि अक्का माठाजवळ पाणी गाळत होत्या तिथे जाऊन उभी राहिली.

"अक्का, ती छावणी तशी नई शे. तठे माणसंसले मारी टाकेत."

अक्कांनी फडकं पिळलं. "लेकरंसले बी?"

"लेकरंसले बी."

अक्का माझ्याकडे वळल्या. मी नाही म्हणेन, पोरीला काही कळत नाही असं म्हणेन, अशी आशा त्यांच्या डोळ्यांत होती. मी मान खाली घातली. त्यांनी माठावर झाकण ठेवलं, फडकं दोरीवर घातलं, आणि आत जाऊन पुस्तक पिठाच्या डब्याखाली पालथं घालून ठेवलं. संध्याकाळी हाक नेहमीसारखी झाली. फक्त त्यानंतर त्या गल्लीकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिल्या, आणि मोगीला दुसरी हाक मारायचं विसरूनच गेल्या. मोगी आपणहून "ओ" म्हणाली आणि त्यांना हाताला धरून आत घेऊन गेली.

पुढचे काही दिवस पुस्तक डब्याखाली होतं. घाट्यात मीठ दोनदा पडलं. मला वाटलं, हे पुस्तक आपण आणलं नसतं तर या बाईच्या ताब्यात निदान एक छावणी तरी चांगली राहिली असती. मी ते परत पेटीत नेऊन टाकायचं ठरवलं आणि तसं मोगीला म्हटलं, तर ती माझ्यावरच उखडली. म्हणाली, शेवट अक्काने ऐकायलाच हवा. तो अक्कासाठीच आहे.

दुसऱ्या सकाळी तिनेच डबा सरकवला, पुस्तक काढलं आणि अक्कांसमोर धरलं. "मी वाचेल शे," ती म्हणाली. "माले काहीच नई झालं. आते तू आयक."

अक्कांनी तिच्याकडे बघितलं. परात बाजूला सारली. काम हातात न घेता ऐकायला बसलेल्या अक्का मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वाच, बाई. आते शेवटलगून वाच."

मी वाचलं. युद्ध संपतं. ती शेतकरीण लेआला घेऊन स्टेशनवर जाते. छावण्यांतून सुटलेली माणसं घेऊन गाड्या येत असतात. फलाटावर गर्दी. आणि इतकी वर्षं जिने ते नाव झोपेतसुद्धा घेऊ दिलं नव्हतं, ती बाई त्या गर्दीत उभी राहून मोठमोठ्याने हाक मारते, लेआ, लेआ. लेआ तिचा हात धरून शेजारीच उभी असते. मुलगी म्हणते, मी इथेच आहे. बाई म्हणते, मी तुला नाही हाक मारत. गाड्या येत राहतात. शेवटी आईबरोबर त्या छावणीत असलेली एक शेजारीण उतरते, लेआ हे नाव ऐकून थबकते, आणि आई कुठे, कशी गेली ते सांगते. शेतकरीण आणि लेआ घरी परत जातात. त्या दिवसापासून त्या घरात मारिया हे नाव कुणी घेत नाही. पुस्तक तिथे संपतं.

मी मिटलं. अक्कांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मोगी त्यांना चिकटून बसली होती. अक्कांनी तिचं मनगट धरलं नाही. हात नुसता उघडा मांडीवर पडला होता, मोगीनेच तो उचलून आपल्या हातात घेतला. अक्का म्हणाल्या, "शहानी बाई व्हती ती." एकदा दिलेलं मत त्यांनी बदलल्याचं मला तरी दुसरं उदाहरण माहीत नाही.

मग त्यांनी मला विचारलं, लीलाच्या मायचं नाव काय? मी पुस्तक चाळलं. गोष्ट मुलीच्या तोंडून सांगितलेली, त्यामुळे तिथे सगळीकडे आई एवढंच होतं. मी पुन्हा पहिल्या पानापासून शोधलं. नाव नव्हतं. अक्कांना त्याचं काही वाटलं नाही. मायचं नाव कुणी विचारत नाही, हे त्यांना चांगलंच माहीत होतं.

आखाजी दोन दिवसांवर होती. गल्लीतल्या लेकी माहेरी आल्या होत्या, कडुनिंबाला झोका बांधला होता, गौराईची गाणी चालली होती. आमच्याकडे आखाजीला पितरांची घागर भरतात. सकाळी उंबरठा धुवायचा, त्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं, आणि प्रत्येक बोटाला घरातल्या गेलेल्या एका माणसाचं नाव घ्यायचं. मग ती माणसं त्या दिवशी येतात, घागरीतलं पाणी पितात, सांजोरी आणि आमरस जेवून जातात. अक्कांच्या घरात पुरुषमाणूस नव्हतं, म्हणून हे करायला दरवर्षी त्यांचे दीर यायचे. त्यांना सगळे आबा म्हणायचे.

आखाजीच्या सकाळी आबांनी अक्कांच्या सासऱ्यांचं बोट उमटवलं, सासूचं उमटवलं, नवऱ्याचं उमटवलं. वाटी खाली ठेवणार तोच अक्का पुढे झाल्या, कुंकवात स्वतःचं बोट बुडवलं आणि उंबरठ्यावर टेकवलं. म्हणाल्या, "लीलानी माय."

आबांना काही कळेना. विधवेने हे करायचं नसतं ही एक गोष्ट, आणि ही लीला कोण ही दुसरी. मोगीने त्यांना सांगितलं की ती पुस्तकातली आहे, पोलंडची, ज्यू. आबांनी कपाळाला हात लावला. ते रागावले असते तर मला समजलं असतं, पण ते खाली बसले आणि समजुतीने बोलायला लागले. आबा वाईट माणूस नव्हते. म्हणाले, पुस्तकातल्या परक्या बाईला पाणी पाजतेस, मग मोगीच्या आईने काय घोडं मारलं? इतकी वर्षं झाली. ती गेली असणार हे तुलाही माहीत आहे. तिचंही एक बोट उमटव. बिचारीला पाणी मिळेल, आणि तूही एकदाची सुटशील. असं म्हणून त्यांनी वाटी अक्कांसमोर धरली.

दारात जमलेल्या बायकांच्या मनात तेच होतं, माझ्याही. ते बोट उमटलं असतं तर भीती संपली असती, मोगी कायमची अक्कांची झाली असती, साक्रीच्या बाजारात पुन्हा जावं लागलं नसतं. मोगी उंबरठ्याच्या आत उभी होती आणि तिच्या ओठांतलं रक्त गेलं होतं.

अक्कांनी वाटीकडे पाहिलं, मोगीकडे पाहिलं. मग वाटी आबांच्या हातातून घेऊन खाली ठेवली.

"लीलानं पुस्तक सरनं, आबा," त्या म्हणाल्या. "मोगीनं सरेल नई शे. तिनी माय येणार शे. ती उनी का तिले मी मना हातघाई पानी देसू."

मोगीने तेव्हा त्यांच्या कमरेला जी मिठी मारली ती जेवणं वाढायची वेळ झाली तरी सोडली नाही. आबांनी डोळे पुसले, घागर भरली, आणि लीलाच्या मायच्या नावाने एक सांजोरी जास्तीची ठेवली.

पुढे माझं लग्न झालं, बदली होऊन मी जळगावला आले. मोगीचं लग्न ठरलं तेव्हा अक्कांनी मुलाकडच्यांना एकच अट घातली, की पोर हे घर सोडणार नाही, कारण पत्ता इथलाच दिलेला आहे. मुलगा एस. टी. च्या वर्कशॉपमध्ये होता, त्याने हसत मान्य केलं. एवढं सगळं मला पत्राने कळलं. अक्का गेल्याचंही पत्रानेच कळलं, आणि तेव्हा मला जाता आलं नाही.

मी गेले ते नंतरच्या आखाजीला. मोगीच्या नवऱ्याने उंबरठ्यावर बोटं उमटवली. मोगी नावं सांगत होती. आबा होते, अक्का होत्या, आणि शेवटी लीलाची माय. मोगीने वाटीवर झाकण ठेवलं. मी काहीच विचारलं नव्हतं, पण तिने माझ्याकडे बघितलं आणि हसून नकारार्थी मान हलवली.

मोगीची मुलगी चार वर्षांची होती. दिवेलागणीला ती ओट्यावर येऊन उभी राहिली, फ्रॉक दोन्ही मुठींत धरला आणि सगळा जीव एकवटून ओरडली, "मोगीऽऽ!" आईला असं नावाने हाक मारणारं पोर दुसऱ्या घरात मार खाईल. गल्लीत कुणी मान वर केली नाही.

मोगी पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. तिने ओ दिली नाही. ताट मांडीवर ठेवून ती गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिली. पोरगीही बघत राहिली, आणि मीही. तिथून कुणीतरी सायकलवरून गेलं, एक कुत्रं गेलं.

मग पोरीने खाली वाकून हळूच म्हटलं, "मोगी."

"ओ," मोगी म्हणाली, आणि तिला उचलून घरात घेऊन गेली.